वलद अमुक, मौजे तमुक

चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या पाटणादेवीच्या देवळात एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. लेख शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला आणि त्या मठाला दान मिळालं, त्याचा हा दगडी कागद. त्यात घराण्यातली नावं ओळीनं येतात: त्रिविक्रम, त्याचा भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, महेश्वराचे भास्कराचार्य, त्यांचा लक्ष्मीधर आणि त्याचा चांगदेव. नऊ पिढ्या. लेखाच्या शेवटी संस्कृत संपतं आणि मराठी सुरू होते, कारण तिथं हिशेबाला तोंड फुटतं: मठाला कुणी काय द्यायचं, घाण्यावरचं तेल किती घालायचं.

भास्कराचार्यांच्या प्रेमापोटी लेख बघायला जाणारे या शेवटच्या ओळींपाशी फारसे थांबत नाहीत. पूर्वज शोधायला निघालेल्यानं मात्र त्या आधी वाचाव्यात. घराणं विद्वान होतं म्हणून नावं दगडावर आली हे खरंच. पण दान कुणाला मिळालं आणि पुढं हक्क कुणाचा, हे पक्कं करायचं होतं म्हणूनही ती आली. देण्याघेण्याचा प्रश्न नसता, तर नुसत्या कौतुकासाठी एवढी छिन्नी कुणी चालवली असती असं वाटत नाही.

आता साडेसहाशे वर्षं पुढं या. १८५० साली यावलकडे किंवा अमळनेरकडे ज्वारी-कापूस पिकवणारा एक कुणबी डोळ्यांपुढं आणा. आज चाळिशीत असलेल्या जळगावकराचा तो खापरपणजोबा, नाहीतर खापरपणजोबाचा बाप. त्याच साली अमेरिकेत जनगणना झाली आणि तिथं पहिल्यांदाच घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय, जन्मस्थान लिहिलं गेलं. ओहायोतल्या शेतकऱ्याचा पणतू आज ते पान घरबसल्या उघडतो आणि आपल्या पणजोबाच्या बहिणींची वयंसुद्धा त्याला मिळतात. गुलामांच्या वंशजांच्या नशिबी हे सुख नाही. १८५० आणि १८६० च्या मोजणीत गुलामांचं वय आणि लिंग मालकाच्या नावाखाली मांडलं, नाव बहुधा नाहीच. आफ्रिकन-अमेरिकन घराण्यांचा शोध म्हणून १८७० च्या जनगणनेपाशी येऊन अडतो. १८९० च्या जनगणनेची बहुतेक पानं तर १९२१ मधल्या वॉशिंग्टनच्या आगीनंतर उरली नाहीत. तरीही तिथं हाताशी पुष्कळ उरतं. चर्चची बाप्तिस्म्याची वही असते, यादवी युद्धात लढलेल्या शिपायाच्या विधवेनं पेन्शनसाठी केलेला अर्ज असतो. आपण लग्नाची बायकोच आहोत हे सिद्ध करायला त्या बाईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी जोडलेल्या असतात, आणि दीडशे वर्षांनी अख्खं घर त्या एका अर्जातून उभं राहतं.

आपल्याकडे पहिली जनगणना १८७२ ची. तिनं खानदेशची लोकसंख्या दहा लाखांवर भरल्याचं सांगितलं, जातवार आणि तालुकावार कोष्टकं दिली. नाव मात्र एकाचंही ठेवलं नाही. पुढच्या जनगणनांचंही तेच. आकडे छापले गेले, घरोघरची नावं मागं राहिली नाहीत. सरकारनं आपला खापरपणजोबा मोजला, पण लिहून ठेवला नाही.

मग त्याचं नाव लिहून ठेवलं कुणी? ज्याला त्याच्याकडून काही घ्यायचं होतं, त्यानं. सारा घेणाऱ्यानं, व्याज घेणाऱ्यानं, दक्षिणा घेणाऱ्यानं. खानदेशात एकोणिसाव्या शतकातला माणूस शोधायचा तर ही किल्ली हातात ठेवावी आणि दर टप्प्याला विचारावं की या माणसाच्या दारात तेव्हा कोण उभा राहत असेल.

सुरुवात अर्थात घरातूनच. पण वडीलधाऱ्यांसमोर वही उघडून ‘पूर्वज सांगा’ म्हटलं की हाती फारसं लागत नाही. आजोबांचं नाव येतं, पणजोबांचं येतं आणि गाडी थांबते. श्राद्धात वडिलांच्या ओळीतल्या पुरुषांपैकी बाप, आजा, पणजा या तिघांचाच उच्चार होतो, त्यामुळे तेवढीच नावं वापरात राहतात. खानदेशात याहून चांगली संधी श्रावणात येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी बसते. तिच्या प्रसादाच्या रोटांसाठी घरातल्या माणसांच्या हिशेबानं मुठी मोजून गहू घेतात आणि ते रोट खायचे ते फक्त भाऊबंदांनी. कितीही जवळचा स्नेही असला तरी त्याला रोट नाही. आणि चार पिढ्यांपूर्वी पांगलेला, पुण्या-सुरतेला गेलेला, वर्षभर तोंड न दाखवणारा चुलत घराण्यातला माणूस मात्र हक्कानं पाटावर बसतो. कुणाला रोट चालतो नि कुणाला नाही यावरून वाद निघाला की म्हाताऱ्यांच्या तोंडून आपोआप वंशावळ बाहेर पडते: ‘हा आपल्या लहानू बाबाच्या धाकट्याचा, ते शिरपूरकडे गेलेले.’ शोधणाऱ्यानं त्या दिवशी वाद मिटवायला जाऊ नये. कोपऱ्यात बसून लिहून घ्यावं.

कुलदैवतही विचारून ठेवावं. आडनाव बदलतं, गाव बदलतं, पण म्हसदीची धनदाई, पाटणची आशापुरी, धुळ्याची एकवीरा, आडगावची मनुदेवी ही सहसा बदलत नाही. दोन वेगळ्या आडनावांच्या घरांचं कुलदैवत एक, देवक एक आणि सुतकही एकमेकांना लागत असेल, तर कुठल्यातरी पिढीत ती एका चुलीवर होती असं धरून पुढं शोधता येतं.

आडनावाचा मात्र खानदेशात फारसा भरवसा धरू नये. अर्ध्या गावाचं आडनाव पाटील, उरलेल्यात चौधरी नि महाजन. त्यातल्या किती घरांत खरोखर पाटीलकीचं वतन होतं, हा प्रश्न भर लग्नात विचारू नये. एकोणिसाव्या शतकातल्या कागदात आडनाव बहुतेक नसतंच. तिथं असतं ‘रामा वलद सुपडू कुणबी, मौजे अमुक’. वलद किंवा बिन म्हणजे मुलगा. कोम, जौजे किंवा भ्रतार आलं की बाई कुणाची तरी बायको. यापलीकडे माणसाची ओळख नाही. आडनावं पुढं शाळेच्या दाखल्यांनी पक्की केली, आणि सख्ख्या भावांची दोन आडनावं पडली अशी घरंही आहेत.

नावं मात्र नीट वाचावीत. सुपडू, उखर्डू, दगडू, भिका, झिपरू ही नावं खानदेशी कागदांत पानोपानी भेटतात. आधीची मुलं जगली नाहीत की नव्या बाळाला सुपात घालायचं, उकिरड्यावर ठेवून उचलायचं, कुणाकडून भीक म्हणून मागून घ्यायचं, म्हणजे त्याला दृष्ट लागत नाही, ही रीत होती. वंशावळीत थोरला मुलगा म्हणून उखर्डू आला तर त्याच्या आधी एक-दोन पाळणे रिकामे झाले असावेत असं समजायला हरकत नाही. त्या लेकरांची दुसरी कुठलीही नोंद नसते.

गाव कळलं की तालुका बघायचा, आणि इथं भलेभले फसतात. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादकत्वाखाली १८८० मध्ये निघालेल्या मुंबई गॅझेटिअरच्या बाराव्या, म्हणजे खानदेशच्या, खंडात जळगाव नावाचा तालुका नाही. तिथं आहे नशिराबाद. शिंदखेड्याच्या जागी विरदेल, साक्रीच्या जागी पिंपळनेर. यावल, रावेर शोधायचं तर सावद्यात. मालेगाव, नांदगाव, बागलाण हे भाग आधी खानदेशात होते, १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेले. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व नि पश्चिम असे दोन तुकडे झाले; पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. महाराष्ट्र झाल्यावर ते जळगाव आणि धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. त्यामुळे शहाद्याजवळच्या गावाचा जुना कागद धुळ्यात, सटाण्याजवळच्या गावाचा त्याहून जुना कागद खानदेशच्या दप्तरात, असे प्रकार होतात. १८१८ मध्ये मुलूख इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्जनं कारभाराचं ठाणं धुळ्याला केलं. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं अख्ख्या खानदेशची कचेरी तिथंच होती. आपला जिल्हा जळगाव आहे म्हणून धुळ्याची फेरी टाळू नये.

जमीन असलेल्या घराण्याचा राजरस्ता म्हणजे महसुली दप्तर, सारा घेणाऱ्याचं. सातबारा सगळ्यांना माहीत असतो; पूर्वज सापडतो तो फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, १९१३ मध्ये त्यात सुधारणा झाली. त्यामुळे गावातले पहिले फेरफार विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकातले असतात, आणि त्या पहिल्याच वहीत १८५०-६० च्या सुमारास जन्मलेली पिढी मरताना दिसते. नोंदीचा साचा ठरलेला: खातेदार लहानू वलद सुपडू मयत, वारस मुलगे रामा आणि झिपरू, विधवा बायको हयात, मुलीचं लग्न झालं असून ती सासरी नांदते, हरकत नाही, नोंद मंजूर. एवढ्या चार ओळींत तीन पिढ्या आल्या. खाली अंगठे आणि त्यांच्या बाजूला नावं. साक्षीदार कोण, हेही बघावं; वारसाच्या नोंदीला उभा राहणारा बहुतेक वेळा भाऊबंद असतो किंवा सोयरा.

आजच्या गट नंबरावरून मागं जाताना एक अडसर येतो. एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर मोडून गट पडले. तेव्हा एकत्रीकरणाचा जबाब काढून कोणत्या गटात कोणता सर्व्हे नंबर गेला हे आधी जुळवायचं, मग जुन्या नंबरावर फेरफार मागायचे. त्याच्याही मागं जायचं तर भूमी अभिलेख कार्यालयात शेतवार पत्रक आणि टिपणं. खानदेशात इंग्रजी मोजणी १८५० च्या दशकात आली, ती लोकांच्या विरोधातच. जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, घेऊन फिरणारे लोक आले म्हणजे सारा वाढणार, असं रयतेला वाटलं आणि १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल भागात मोठा उठाव झाला. तो मोडायला फौज लागली. ज्या मोजणीच्या पत्रकाला त्यांनी एवढा विरोध केला, त्याच पत्रकात आज त्यांची नावं आहेत. मोजणी हाणून पाडण्यात ते यशस्वी झाले असते तर आपल्याला ते सापडले नसते.

नकलेचा अर्ज करताना ‘आमची वंशावळ द्या’ असं लिहिलं तर तो अर्ज तसाच परत येतो. गाव, जुना सर्व्हे नंबर, साधारण साल आणि कागदाचं नेमकं नाव लिहावं लागतं. अभिलेख कक्षातल्या माणसाला बस्ता सोडायला कारण लागतं, आणि त्यात त्याची चूक नाही. बांधलेला कपडा सोडला की शंभर वर्षांची धूळ त्याच्याच नाकात जाते.

कागद हातात आला की दिसते ती मोडी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावचं दप्तर बऱ्याच प्रमाणात मोडीतच चाले. लिपी शिकायला फार काळ लागत नाही. खरा घाम काढतो तो लिहिणाऱ्याचा हात. शिवाय साल. इंग्रजी अंमलाआधीचा कागद असेल तर ‘समान अशर मयातैन व अलफ’ असं काहीतरी दिसतं. हे अरबी आकडे आहेत, एकंपासून वर चढत जाणारे: आठ, दहा, दोनशे, हजार, म्हणजे सुहूर सन १२१८. त्यात ५९९ मिळवले की १८१७. वर्ष मृगापासून धरायचं, तेव्हा जून १८१७ ते जून १८१८. खानदेश पेशव्यांच्या हातून गेला तेच हे वर्ष. फसली सन असेल तर ५९० मिळवायचे, शक असेल तर ७८. आणि मारवाडी-गुजराती पेढीची वही असेल तर तिथं विक्रम संवत, त्यातून सत्तावन्न-छप्पन्न वजा. संवत १९५६ चा दुष्काळ म्हणजे १८९९-१९००. घरातल्या गोष्टींना साल लावायचं तेही असंच. ‘पांझरेला पूर आला तेव्हा आजी पाळण्यात होती’ याचा अर्थ १८७२. ‘मानमोडीत दोघं भाऊ गेले’ म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ.

मोडीसाठी धुळ्यासारखी जागा खानदेशात दुसरी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच निधन झालं आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी जन्मभर गावोगाव हिंडून, माळ्यांवरून, पेट्यांतून, प्रसंगी किराण्याच्या पुड्यांना जाऊ घातलेल्या ढिगांतून जमवलेली दप्तरं हा त्या मंडळाचा पाया. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या बावीस खंडांत राजेरजवाड्यांची पत्रं आहेत तशी वतनांची भांडणंही आहेत, आणि वतनाचं भांडण म्हटलं की वंशावळ आलीच. पाटीलकी थोरल्या घराकडे की धाकट्या, हे ठरवायला दोन्ही बाजू आपापला वंश मूळपुरुषापासून सांगत. सख्खे भाऊ कचेरीत एकमेकांविरुद्ध उभे राहिले असतील, तर आजच्या वंशजांनी त्यांचे आभार मानावेत. गुण्यागोविंदानं राहिलेल्या घरानं कागद ठेवलेला नसतो.

घेणाऱ्यांत दुसरा मान सावकाराचा. इथं अमेरिकेचा इतिहास थेट खानदेशी घरात शिरतो. १८६१ मध्ये तिकडे यादवी युद्ध पेटलं, अमेरिकन कापूस मँचेस्टरला जाईनासा झाला आणि मुंबईमार्फत इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे चाळीसगाव-जळगाववरून भुसावळला पोचली. शेतकऱ्यानं बैल घेतले, जमीन घेतली, लग्नं थाटात केली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव गडगडला आणि घेतलेलं कर्ज अंगावर आलं. योगायोगानं दस्त नोंदवण्याचा कायदा १८६४ चा, म्हणजे नेमका त्याच काळातला. तेव्हापासूनची गहाणखतं, खरेदीखतं दुय्यम निबंधकाच्या नोंदवहीत उतरू लागली, आणि त्या वह्यांना नावांची सूचीही असते. गहाणखतात कर्जदाराचं नाव बापासकट, वय, धंदा, गाव, जमिनीच्या चतुःसीमा. चतुःसीमा सोडू नयेत. ‘पूर्वेस भाऊ दगडू याचे शेत’ एवढ्या अर्ध्या ओळीनं एक हरवलेला भाऊ परत मिळतो.

सारा घेणाऱ्या सरकारच्याच दप्तरातली आणखी एक वही म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची वही, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. मूल जन्मलं की कोतवालानं वर्दी द्यायची आणि नोंद व्हायची: तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचं नाव बहुधा नसतं, बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली. मृत्यूच्या रकान्यात ताप, पटकी, देवी, पुढं प्लेग. एका घराची मृत्यूची पानं सलग वाचत गेलं की साथीचा आठवडा कुठं सुरू झाला नि कुठं संपला ते कळतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा या धूळ खाणाऱ्या वह्यांना एकाएकी भाव आला. ज्या गावात मोडी वाचणारा कुणी उरला नव्हता तिथं मोडी वाचणाऱ्यांची वाट बघितली जाऊ लागली.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर त्या मानानं सोपं. तिथं जात आणि बापाचं नाव विश्वासानं घ्यावं, जन्मतारीख घेऊ नये. खानदेशातल्या कित्येक पिढ्या १ जूनला जन्मल्या आहेत, कारण मास्तरांना शाळेचं वर्ष जुळवायचं होतं.

तिसरा घेणारा देवाच्या दारातला. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे गावागावांच्या नामावळ्या आहेत. गेल्यावर पहिला प्रश्न गाव कोणतं, दुसरा जात नि आडनाव; मग ‘तुमचं गाव अमक्यांकडे’ म्हणून तुम्हाला दुसऱ्या वाड्यात धाडतात. तिथं लांबट वही उघडली जाते. कोण आला, कुणाचा मुलगा, सोबत कोण, मागं भाऊ किती, मुलगे किती, कशासाठी आला, मिती कोणती. लिहिता येणाऱ्यानं स्वतः सही केलेली असते, आणि त्या वळणदार किंवा वेड्यावाकड्या अक्षरात आपल्या घरातलं पहिलं लिहिलेलं अक्षर दिसण्याची शक्यता असते. खानदेशी घरांनी रेल्वेनंतरची वर्षं आधी बघावीत; गाडी सुरू झाल्यावर नाशिक बैलगाडीच्या मुक्कामांवरून एका दिवसाच्या प्रवासावर आलं. काशी-गयेच्या वह्या त्यानंतर.

या वह्यांचं मोल आपल्याआधी अमेरिकेतल्या मॉर्मन पंथानं ओळखलं. त्यांची युटा इथली वंशावळ संस्था १८९४ ची. १९७७ पासून तिनं हरिद्वार आणि इतर तीर्थांवरच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्म काढायला सुरुवात केली. सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटच्या डोंगरात कोरलेल्या तिजोरीत त्या संस्थेच्या जगभरच्या फिल्म ठेवल्या आहेत. या उद्योगामागं हौस नाही, श्रद्धा आहे: मेलेल्या पूर्वजाच्या वतीनं वंशजानं बाप्तिस्मा घेतला तर पूर्वजाला गती मिळू शकते, आणि त्यासाठी पूर्वजाचं नाव लागतं. पिंडाला नाव लागतं म्हणून त्र्यंबकच्या उपाध्यायानं वही ठेवली; बाप्तिस्म्याला नाव लागतं म्हणून युटाचा माणूस कॅमेरा घेऊन हरिद्वारला आला. इतक्या लांबच्या दोन धर्मांची गाठ हिशेबाच्या वहीवर पडावी, हे मला फार आवडतं.

भाटाचं प्रकरण वेगळं. गुजर, राजपूत, लेवा अशा समाजांत वही घेऊन येणाऱ्या भाटाची आठवण अजून आहे. तो यायचा, उतरायचा, वंश वाचून दाखवायचा, नवी जन्मलेली नावं चढवायचा आणि धान्य-कापड-पैसे घेऊन पुढच्या गावी जायचा. अलीकडच्या सात-आठ पिढ्यांसाठी त्याची वही चांगली. सूर्यवंशापर्यंत चढणारी तिची वरची पानं आदरानं ऐकावीत आणि टिपून घेताना पेन्सिल वापरावी. पैसे देणाऱ्याला भाट लहान घराण्यातला कसा दाखवणार?

यांतल्या बहुतेक वाटा शेत असलेल्यांच्या, कर्ज मिळण्याइतकी पत असलेल्यांच्या, दक्षिणा परवडणाऱ्यांच्या. ज्याच्याकडून घेण्यासारखं काही नव्हतं त्याचं काय? सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा पाड्यांवर ना शेतवार पत्रक पोचलं, ना उपाध्याय. भिल्लांची नावं कागदावर आली ती बहुतेक बंडखोर म्हणून किंवा शिपाई म्हणून. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमनं उभी केलेली खानदेश भिल्ल पलटण धरणगावला होती. तिच्यात भरती झालेल्याचं नाव पटावर, डोंगरात राहिलेल्याचं कुठंच नाही. महार वतनदाराचं नाव वतनाच्या कागदात आलं, पण त्याच्या पोरांनी शाळेत पाऊल टाकेपर्यंत दुसरी नोंद विरळा. ख्रिस्ती झालेल्या घरांना मिशनच्या बाप्तिस्मा-वह्या आहेत. १८९० च्या दशकापासून अमेरिकेतल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे लोक खानदेश-वऱ्हाडात होते. जे मुलूख सोडून गेले त्यांची नोंद राहिलेल्यांपेक्षा कितीतरी चांगली झाली. गिरमिटावर, म्हणजे करारानं बांधून, मॉरिशसला गेलेल्या मजुराचं नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण, आणि १८६० च्या दशकापासून पुढच्या अनेकांचा फोटोसुद्धा मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दप्तरात आहे. मालकानं मजुरावर पैसे लावले होते; माल ओळखता यायला हवा होता.

आणि तरी आज वंशावळीचा कागद सर्वात निकडीनं मागितला जातो तो नेमका मागं राहिलेल्या, नोंद नसलेल्या घरांकडेच. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० आधीचा, जमातींना ६ सप्टेंबर १९५० आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आधीचा, इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७ आधीचा पुरावा द्यावा लागतो, सोबत शपथेवर वंशावळ. धुळे-नंदुरबारकडचा एखादा पोरगा मेडिकलच्या प्रवेशाच्या आठवड्यात आजोबाच्या भावाच्या शाळेचा दाखला शोधत चार तालुके पालथे घालतो. ज्या सरकारनं त्याच्या पणजोबाला कधी लिहिलं नाही, तेच त्याच्याकडे पणजोबाचा लेखी पुरावा मागतं. हा अन्याय आहे आणि तो नियमांच्या भाषेत सांगितल्यानं कमी होत नाही. अशा घरांनी जमिनीच्या मागं न लागता आधी कोतवाल बुक, मग चुलत्या-मावशांपर्यंत सगळ्यांचे शाळेचे दाखले, आणि कुठं जंगलखात्याची, तुरुंगाची, मजुरीची नोंद आहे का, असं जावं. आरोपींच्या यादीत सापडलेला पणजोबा लाजिरवाणा वाटू नये. तो लिहिलेला तरी आहे.

राहिल्या बाया. चांगदेवाच्या नऊ पिढ्यांत वंश बापाकडून मुलाकडे येतो. आई त्या ओळीत नाही. फेरफारात ती विधवा झाल्यावरच अवतरते. तिला शोधायची एक वाट गहाणखतातून जाते, कारण नवरा मेल्यावर अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून तिनं कर्ज काढलेलं असतं: ‘गंगाबाई जौजे लहानू, वय अमुक’. दुसरी वाट कुठल्याच कागदावर नाही, पण आहे: तर्पणाच्या विधीत आई, आजी, पणजी यांचाही उच्चार असतो, म्हणून जुना पुरोहित विधीला बसलेल्याकडून ती तीन नावं विचारून घेतोच. माहेर मात्र त्यातही येत नाही. त्यासाठी मामाकडची माणसं गाठावी लागतात, लग्नात मानाचा आहेर कुठल्या गावाहून यायचा ते विचारावं लागतं, आणि त्या गावच्या वहीत ती कुणाची तरी ‘मुलगी’ म्हणून, नावाशिवाय, जन्मलेली शोधावी लागते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बापाच्या आधी लिहायचं, असं महाराष्ट्र सरकारनं ठरवलं आहे. त्याआधीच्या सगळ्या आया अशाच, गहाणखतांतून आणि मामाकडच्या घरांतून, एकेक करून काढायच्या आहेत.